परतीचं ताट

आमच्याकडं दिवाळीचा फराळ व्हायचा तो घरात खायला थोडा आणि बाहेर द्यायला जास्त. माण तालुक्यातलं गाव. पावसानं कायम हात आखडता घेतलेला मुलूख. बाजरी, मटकी, हुलगा यांच्यावर वर्ष काढायचं आणि एरवी गोड म्हणजे गूळ-शेंगदाणे. पण दिवाळी जवळ आली की आई बोटांची पेरं मोजायला लागायची. भावकीतली सात घरं, सुतार, कुंभार, परीट, शाळेचे मास्तर, वेशीजवळ एकटी राहणारी म्हातारी, मुंबईच्या काकाचा डबा, आत्याच्या सासरची दुरडी. एवढं सगळं काढून जे उरेल ते आमचं.

त्या हिशेबानंच सामान भरायचं. भाजणीला तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे, जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र भाजला तर उडीद जळतो आणि तांदूळ कच्चा राहतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत पडायचे, रोज पाणी बदलायचं. मग निथळून, फडक्यावर पसरून, ओलसर असतानाच उखळात कांडायचे. त्या पिठात गूळ मळून गोळे करून डब्यात दाबून ठेवायचे, ते चार-पाच दिवसांनी उघडायचे. अनारसा खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. गूळ जास्त झाला की अनारसा कढईतच पसरून विरायचा. त्याला आमच्याकडं ‘अनारसा हसला’ म्हणतात. तो हसला की बायकाही हसायच्या, आणि जिची कढई असेल ती रडकुंडीला यायची.

हे काम एकटीचं नसायचंच. आज आमची कढई, उद्या सुताराच्या काकीची, परवा चुलत चुलतीची. करंज्या लाटायला चौघी-पाचजणी पोळपाट घेऊन यायच्या. एक लाटायची, एक सारण भरायची, एक कातण फिरवायची. त्यामुळं कुणाच्या घरात किती तेल आलंय, कुणी साखरेऐवजी गुळावर भागवलंय, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. पण ते बोलायचं नसायचं.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी उजाडलं की ताटं निघायची. पितळी ताट, मध्ये दोन लाडू, भोवतीनं करंज्या, एका बाजूला चकल्या, मोकळ्या जागेत चिवडा, वरून क्रोशाचा रुमाल. पोचवायचं काम आम्हा पोरांचं. आई बजावायची, “वाटंत रुमाल उघडायचा न्हाई. आन ताट मोकळं आणायचं न्हाई.”

ताट मोकळं येत नसेच. ज्यांची कढई होऊन गेली असेल ते आपला फराळ घालायचे. ज्यांचं अजून व्हायचं असेल ते मूठभर साखर, नाहीतर गुळाचा खडा ठेवायचे. वेशीजवळच्या म्हातारीकडं दिवाळीचं काहीच नसायचं. ती ताटात परसातल्या चार शेवग्याच्या शेंगा, नाहीतर पसाभर वाळल्या मिरच्या ठेवायची आणि माझी हनुवटी धरून म्हणायची, “आईला म्हणावं, दिवाळी पावली.” शेवग्याच्या शेंगांची दिवाळी कशी, असं मी एकदा विचारलं, तर आज्जी म्हणाली, “तिनं दिलं का न्हाई? मग झालं. मोकळ्या ताटानं माणूस मिंधं व्हतंय.”

आईची आणखी एक रीत मला फार उशिरा कळली. म्हातारीचं ताट ती मुद्दाम हलकं ठेवायची. लाडू एकच, करंज्या दोन. मला ती कंजुषी वाटायची. थोरली झाल्यावर विचारलं, तेव्हा म्हणाली, “ढीगभर पाठवलं आसतं, तर तिनं परत काय घातलं आसतं? उद्यापास्नं दार लावून घेतलं आसतं तिनं.” बाकीचा फराळ ती आठवडाभरानं, दिवाळी संपल्यावर, “उरलाय, वाया जातोय” म्हणून स्वतः नेऊन द्यायची. उरलेल्याला ताट लागत नाही, आणि ताट नाही म्हणजे परतफेडीचा प्रश्न नाही.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. विहिरी तळाला गेल्या होत्या, जनावरं बाजारात मातीमोल गेली होती, आणि ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाऊल ठेवलं नव्हतं अशा घरांतल्या बायकाही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. आईही जायची, पाझर तलावाच्या कामावर. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. त्या दिवाळीत आईनं मिलोच्या पिठात तिखट, मीठ, ओवा घालून ते गरम पाण्यात मळलं आणि थोड्याशा करडईच्या तेलात कडबोळी तळली. बस्स, तेवढाच फराळ. मला वाटलं, यंदा ताटं नाहीत. पण पहाटे रुमाल निघाले. एकेका ताटात सहा कडबोळी. आणि परत आलेल्या प्रत्येक ताटातही मिलोचीच कडबोळी, नाहीतर मिलोचीच वडी. सगळ्या गावानं एकमेकांना तेच दिलं आणि तेच घेतलं. हिशेबानं बघितलं तर त्यात कुणाचा काही फायदा नव्हता. पण त्या दिवशी सगळी दारं उघडली गेली, आणि कोण कसं आहे ते समजलं.

मुंबईच्या डब्याची तऱ्हा निराळी. धाकटा काका गिरणीत होता, लालबागला खोलीत आठ-दहा गाववाल्यांबरोबर राहायचा. रजा नसली की त्याचा डबा कुणातरी जाणाऱ्याबरोबर एसटीनं जायचा. तळाला लाडू, फटीत शंकरपाळी, चकल्या सगळ्यात वर, झाकणावर फडकं घालून सुई-दोऱ्यानं शिवलेलं. करंजीत ओलं खोबरं चालायचं नाही, सुकंच, नाहीतर पोचेपर्यंत आंबायची. तो डबाही कधी मोकळा आला नाही. चहापूड, अंगाचा साबण, आज्जीला तंबाखू. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या उन्हाळ्यात डबा परत आला तो काकाच्याच हातात. झाकण उघडलं तर आत त्याचे कपडे होते, घड्या घातलेले. आज्जीनं ते बाहेर काढले, डबा राखेनं घासला आणि फळीवर उपडा ठेवला. नंतर तो मुंबईला गेला नाही.

इथवर वाचून वाटेल, ताटांचा हा फेरा सगळ्या गावातून फिरत होता. तसा तो फिरत नव्हता. ओढ्याच्या पलीकडं एक वस्ती होती. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर तिथली माणसंही बौद्ध झाली, पण गाव त्या वस्तीला जुन्याच नावानं, महारवाडाच म्हणायचं. आज्जीच्या वेळी पाडव्याला तिथल्या बायका ‘दिवाळी मागायला’ यायच्या. ओसरीच्या खाली उभं राहायचं, वरून पदरात लाडू-करंजी पडायची. ताट नाही, रुमाल नाही. परत काही येणार नव्हतं, कारण आलं असतं तर आमच्यात ते कुणी शिवलंही नसतं. लाडू तोच, साखर तीच, केलेले हातही तेच. पण ज्या घरचं आपण घेणार नाही, त्या घराला दिलेलं हे देणं कसलं? ते नुसतं टाकणं होतं.

माझ्या कळत्या वयात हे मागणं बंद झालं होतं. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी घरोघर सांगितलं होतं, कुणाच्या दारात जायचं नाही, आणि दिवाळी आपला सणही नाही. आज्जीला ते फार लागलं. “आपण दिलेलं बी नको झालं व्हय त्यास्नी?” असं ती दरवर्षी पाडव्याला म्हणायची. आई त्यावर कधीच काही बोलली नाही.

आईचं त्या वस्तीत एक माणूस होतं. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. दुष्काळात दोघी तलावाच्या कामावर शेजारी शेजारी बसून खडी फोडायच्या. खडीचं माप भरलं तरच मजुरी. आईला ताप भरला त्या आठवड्यात आक्कानं आपलं माप भरून आईच्या ढिगावर पाट्या टाकल्या आणि मुकादमाला कळू दिलं नाही. कामावर पाण्याची भांडी मात्र तेव्हाही वेगळी होती. ताप असलेल्या आईला पाणी हवं होतं, ते आक्काला देता येत नव्हतं. हे आईनंच मला पुढं सांगितलं.

1985 च्या श्रावणात वडील गेले. माझं लग्न झालेलं होतं, पण त्या दिवाळीला मी माहेरी येऊन राहिले. माणूस गेलेल्या घरात वर्षभर सण नसतो, तळणीची कढई चढत नाही. अशा घराचा फराळ शेजारच्यांनी करायचा असतो. पहिल्या आंघोळीला उजाडल्यापासून दारात रीघ लागली. सुताराची काकी, कुंभाराची सून, भावकीतल्या सगळ्याजणी. वेशीजवळच्या म्हातारीच्या घराला तेव्हा कुलूप होतं, नाहीतर तीही शेंगा घेऊन आली असती. ज्या ताटांचे रुमाल मी लहानपणी नेऊन पोचवले होते, ती ताटं त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात ओळीनं मांडली होती. आईला रडताना मी वडील गेले त्या दिवशी बघितलं होतं, पण त्या ताटांपुढं ती जशी बसली तशी नंतर कधी बसलेली दिसली नाही.

दुपारी आक्का आली. हातात स्टीलचं कोरं ताट. तिच्या थोरल्या मुलाला नोकरी लागली होती, त्यानं घेतलेलं, मागं त्याचं नाव कोरलेलं. ताटात शेंगदाण्याचे लाडू. ओसरीच्या खाली उभी राहिली, जुनी जागा, आणि म्हणाली, “वयनी, आमच्यात दिवाळी न्हाई करीत आता. ही दिवाळीचं न्हाई. तुमच्या घरात कढई न्हाई म्हनून आणलंय.”

आज्जी ओसरीवर बसली होती. ती उठून आत गेली. आईनं खाली उतरून ताट दोन्ही हातांनी घेतलं. आक्काला हाताला धरून वर आणलं, लाडू फोडला आणि तिच्यासमोर खाल्ला. मग मला म्हणाली, “ताट मोकळं देऊ नको.” घरात गोड काही नव्हतं. मी गुळाचा मोठा खडा आणि ओंजळभर शेंगदाणे घातले. आक्कानं ताटाकडं बघितलं, पदर डोळ्याला लावला आणि काही न बोलता गेली.

आज्जीनं त्यातला लाडू खाल्ला नाही. आईनंही आग्रह केला नाही.

पुढच्या वर्षी आईपुढं प्रश्न पडला. आक्काच्या ताटाला आता आपलं ताट जायला हवं. पण दिवाळीला पाठवायचं कसं? तो त्यांचा सण नाही, आणि पाडव्याला त्यांच्या दारात लाडू गेले तर जुन्या दिवसांची आठवण निघणार. आईनं बरंच मनात घोळवलं आणि 14 एप्रिल ठरवला, बाबासाहेबांची जयंती. त्या दिवशी वस्तीत पताका लागायच्या, निळे झेंडे लागायचे. आईनं पुरणपोळ्या केल्या. पुरण वाटत होती तेव्हा आज्जी आतून येऊन पाटा-वरवंट्याशेजारी बसली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “गूळ पुरंसा घातलायस न्हवं? तिकडं जायाचंय त्ये. नाव ठेवतील.” आई स्वतः ताट घेऊन ओढा ओलांडून गेली. क्रोशाचा रुमाल घालून.

तेव्हापासून आमच्या घराच्या वर्षात दोन दिवस ताटं निघतात. दिवाळीला गावात आणि 14 एप्रिलला ओढ्यापलीकडं. आक्काकडून शेंगदाण्याचे लाडू यायचे ते थंडीत, तिला सवड होईल तेव्हा. गावातलं सगळं यानं बदललं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. भावकीतल्या दोन घरांनी आमचं ताट काही वर्षं घेतलं नाही. आईनं तरी दरवर्षी पाठवलं. ते परत यायचं, रुमाल न उघडता. आई ते तसंच झाकून ठेवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाठवायची. चौथ्या वर्षी ताटात साखर घालून आली.

आता मी शहरात राहते. इथं फराळ बचत गटाकडून घेतात, आणि तो चांगला असतो. नोकरी करणारीनं रात्रभर कढईपुढं उभं का राहावं? मीही चकल्या विकतच्या आणते. परदेशातल्या पोरांना कुरिअरनं डबे जातात, ते बघून मला काकाचा शिवलेला डबा आठवतो. खटकतं ते वेगळंच. इमारतीत फराळ येतो तो कागदी ताटलीत, वर प्लॅस्टिकचा कागद. खाल्लं की ताटली कचऱ्यात. परत जायला काही उरतच नाही. मिठाईचे बंद खोके तर न उघडता या घरातून त्या घरात फिरतात. कुणाच्या हातचं काय आहे, कोण अडचणीत आहे, कोणाकडं यंदा कढई नाही, हे त्या खोक्यातून कळायला वाव नाही.

म्हणून मी फराळ विकतचा असला तरी स्टीलच्या ताटात देते. शेजारच्या मुलींना पहिल्या वर्षी ते अडचणीचं वाटलं. आता ताट परत करायला म्हणून त्या येतात, आल्या की बसतात, बसल्या की बोलतात. एकीनं गेल्या दिवाळीत ताटात कोथिंबिरीची जुडी घालून आणली आणि ओशाळून म्हणाली, “काकू, घरात दुसरं काहीच नव्हतं.”

मी तिला आत बसवलं आणि शेवग्याच्या शेंगांची गोष्ट सांगितली.