मिटलेलें तोंड

मनुष्याच्या शरीरांत जे सांधे अहोरात्र राबतात त्यांत जबड्याच्या सांध्याची गणना प्रथम केली पाहिजे. पण त्याचें नांव कोणी काढीत नाहीं. गुडघा दुखला कीं घरभर बोभाटा होतो. भाकरी चावतांना, जांभई देतांना, वर्गांत पाठ म्हणतांना आपल्या दोन कानांपुढें दोन सांधे एकदम हलत असतात, हें कितीजणांस ठाऊक असतें? विद्यार्थिमित्रांनो, कानाच्या अगदीं पुढें बोट ठेवून तोंड उघडून पाहा. खालच्या जबड्याचें गोल टोंक आधीं जागच्या जागीं फिरतें व मग पुढें घसरतें. दाराची बिजागरी नुसती फिरते. ही फिरते आणि सरकतेहि. आणि दोन्ही सांधे एकाच हाडाच्या दोन टोंकांस असल्यामुळें एक जखडला कीं दुसरा धडधाकट असूनहि निरुपयोगी होतो.

हें ज्ञान मला पुस्तकांतून मिळालें नाहीं. धाकट्या बहिणीमुळें मिळालें.

२००९ सालच्या पावसाळ्यांत, ती चार वर्षांची असतां, वाशीमपासून तीन कोसांवर असलेल्या आमच्या शेतांत बैलगाडीवरून पडली आणि तिची हनुवटी दगडावर आपटली. तीन टांके पडले, जखम भरली, व सर्वजण ती गोष्ट विसरून गेले. परंतु हनुवटीवर बसलेला मार हाडाच्या वाटेनें थेट कानापाशीं पोंचतो. लहान मुलांत जबड्याचें टोंक मऊ व रक्तानें भरलेलें असतें. तें चेंगरतें, सांध्यांत रक्त साकळतें, आणि पुढें कधीं कधीं त्या जागीं हाडच धरतें. कानांतील जुनाट पू आंत उतरूनहि असें होऊं शकतें.

तोंड एकदम मिटलें नाहीं. वर्षावर्षानें मिटत गेलें. आजी म्हणे, "पोरीचं तोंडच लहान हाय, वाढली का खुलंल." सातव्या वर्षीं दांतांच्या मध्यें करंगळीहि शिरेना. पुढचा दुधाचा दांत पडला तेव्हां त्या फटींतून दुधांत कालवलेली भाकरी आंत ढकलतां येऊं लागली, याचा तिला कोण आनंद झाला! नवा दांत डोकावूं लागला तशी ती रडूं लागली. दांत येतो म्हणून रडणारें सात वर्षांचें मूल मीं दुसरें पाहिलें नाहीं.

लोकांचे तर्क निराळेच. एकानें विचारलें, "पोरगी खर्रा तं नाई खात?" सुपारीच्या व्यसनानें आमच्या वऱ्हाडांत कित्येकांचीं तोंडें मिटतात हें खरें; पण तेथें तोंडाच्या आंतील त्वचा ताठरते, सांध्याचा कांहीं अपराध नसतो. दुसरी गंमत अशी कीं, तिची हनुवटी उजवीकडे झुकली होती व डावा गाल चपटा दिसे. म्हणून जो तो डाव्या गालास तेल चोळी. वस्तुतः अशा रोगांत जी बाजू भरलेली दिसते तीच जखडलेली असते. जबडा त्या बाजूस वाढत नाहीं. निरोगी बाजू मात्र लांबत जाते व चपटी भासते.

रात्री फार कठीण जात. जबडा आंखूड राहिल्यामुळें जीभ मागें पडे, घोरतां घोरतां श्वास थांबे, आणि आई तिला कुशीवर वळवी.

२०१५ सालीं वडील तिला नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत घेऊन गेले. चित्र काढल्यावर दिसलें कीं, उजवीकडे सांधा उरलाच नव्हता. कवटी व जबडा मिळून एक हाड झालें होतें. डॉक्टरांनीं कांहीं लपविलें नाहीं. चेहरा हलविणारी मज्जातंतूची शाखा सांध्याच्या अगदीं जवळून जाते. तिला धक्का लागल्यास पापणी मिटणार नाहीं किंवा कपाळ हलणार नाहीं. वडिलांनीं दोन दिवस मागून घेतले. आत्याबाई म्हणाल्या, "चेहरा बिघडला तर लग्न कसं व्हईन?" आई म्हणाली, "रातभर तिचा श्वास म्या मोजतो. लग्नाचं मंग पाहू."

भूल देणें हेंच पहिलें संकट होतें. तोंड उघडत नसेल तर श्वासाची नळी घालावी कशी? तिला अर्धवट गुंगींत ठेवून नाकावाटे एक बारीक, लवचिक दुर्बीण घालण्यांत आली व तिच्या आधारानें नळी श्वासमार्गांत सरकविली. मग कानापुढें छेद घेऊन हाडाचा गोळा कापून काढला; कापलेलीं हाडें पुन्हा जुळूं नयेत म्हणून कानशिलाच्या स्नायूचा पदर मध्यें पसरला; आणि नवें टोंक म्हणून तिच्याच बरगडीचा, कूर्चेसह असलेला, तुकडा बसविला. कूर्चा मुलाबरोबर वाढूं शकते, हा त्यांतील हेतु. हा क्रम १९९० सालीं कॅबन या अमेरिकन शल्यविशारदानें सहकाऱ्यांसह मांडला. निखळलेला जबडा हातांनीं बसविण्याची रीत सुश्रुतास व हिपोक्रेटिसासहि ठाऊक होती. पण जखडलेल्या जबड्यापुढें हात चालत नाहींत.

पापणी मिटली. कपाळ हललें. आम्ही समजलों, काम झालें.

काम तेथून सुरू झालें! तोंड रोज उघडलें नाहीं तर हाड पुन्हा धरतें. दांतांमध्यें पातळ लाकडी पट्ट्या एकावर एक सरकवीत जावयाचें, दिवसांतून पांच वेळां. आणि हें काम माझ्याकडे आलें. रुग्णालयांतून निघतांना एकवीस पट्ट्या मावत होत्या, दिवाळीस सतरा. ती मला चावे, ओरबाडी, "दादा, तू वैरी हायेस" म्हणे. मी पट्टी काढीत नसें. आई स्वयंपाकघरांत जाऊन पाण्याचा नळ मोठा सोडी. वर्ष संपतां बावीस पट्ट्या मावूं लागल्या, आणि संक्रांतीस तिनें हातांत धरून अख्खें बोर दांतांनीं फोडलें.

आज ती विशीत आहे. हनुवटी अजून थोडी मागें व उजवीकडे आहे. वाढ पुरी झाल्यावर आणखी एका शस्त्रक्रियेनें ती पुढें आणतां येते, असें डॉक्टरांनीं तेव्हांच सांगितलें होतें. परवां मीं तो विषय काढला. ती म्हणाली, "पट्ट्या कोण घालील ते आधी सांग."