काळाचा पत्ता

महाड-पोलादपूरच्या शाळांतून मी पुष्कळ वर्षे मराठी शिकविले. आता निवृत्त झालो आहे. तरी प्रश्न विचारणारी मुले घरी येतच असतात. विज्ञानकथांची गोडी लागलेल्या सातवीतील एका मुलीने परवा मला विचारले, “गुरुजी, कथेतील जी माणसे निरनिराळ्या ग्रहांवर राहतात, ती पत्रावर तारीख कशी घालत असतील?”

प्रश्न मोठा मार्मिक आहे. आपला दिवस म्हणजे पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी आणि वर्ष म्हणजे तिची सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा. दुसऱ्या ग्रहावर दिवस निराळा, वर्षही निराळे. मग सर्वांना समजेल अशी तारीख लिहावी तरी कशी? अमेरिकेत १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्यातील अवकाशयानाचा कप्तान आपल्या नोंदीच्या आरंभी ‘तारादिनांक’ म्हणून एक आकडा सांगत असे. ऐकणाऱ्याला तो मोठा शास्त्रीय वाटे. परंतु लेखकांना सूचना एवढीच होती, की कोणतेही चार अंक घ्यावेत आणि दशांशचिन्हापुढे आणखी एक अंक लिहावा! तो आकडा कोणत्या घटनेपासून मोजला आहे, हे ठरलेलेच नव्हते. कथेत ते शोभून गेले. व्यवहारात मात्र असा आकडा निरुपयोगी होय.

अनेक कालगणना एकत्र नांदत असलेले जग पाहावयाचे, तर आकाशात जाण्याचे कारण नाही. आपल्या महाड तालुक्यातील रायगडावर चला. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, ती तिथी होती ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंदनाम संवत्सर. दरबारी कागदपत्रांत त्या काळी सुहूर सनही चाले. त्याप्रमाणे ते वर्ष १०७५ होते आणि ते ‘खमस सबैन अलफ’, म्हणजे ‘पाच, सत्तर, हजार’, अशा अरबी शब्दांनी लिहीत. समारंभास हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या लेखी त्या दिवशी ६ जून १६७४ ही तारीख होती. परंतु जवळच्याच चौलच्या पोर्तुगीजांना विचारले असते, तर त्यांनी १६ जून सांगितली असती! कारण पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच सुधारलेले पंचांग स्वीकारले होते, तर इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनेच चालविले. सकाळ एकच, सूर्यही एकच. पण तिचे पत्ते चार.

त्या दिवशी त्यांत पाचव्याची भर पडली. महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला. स्वतःचा शक चालविणे हे आपल्याकडे सार्वभौम राजाचे लक्षण मानीत; म्हणूनच महाराजांना ‘शककर्ते’ म्हणतात. पुढे छत्रपतींच्या पत्रांचा आरंभ राज्याभिषेक शकाच्या उल्लेखाने होऊ लागला. त्या शकाच्या आकड्यात १६७३ मिळविले, की ते वर्ष इसवी सनाच्या कोणत्या वर्षी सुरू झाले ते कळते. आता लक्षात घ्या, राज्याभिषेकापूर्वी या मुलखातील रयत कोणाच्या ना कोणाच्या सनावर आपले दिवस मोजीत होती. आता ती आपल्याच राज्याच्या आरंभापासून वर्षे मोजू शकत होती. सिंहासन दृष्टीस पडते, शक दृष्टीस पडत नाही. पण गावोगावी जाणाऱ्या प्रत्येक कागदाबरोबर तो रयतेच्या घरी पोहोचतो.

गडावरील जगदीश्वराच्या मंदिरात एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात वर्षाचा आकडा मुळीच नाही; आहेत ते शब्द: षट्, नव, बाण आणि भूमी. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, मदनाचे बाण पाच आणि भूमी एकच. हे अंक एकं स्थानापासून डावीकडे मांडीत जावयाचे. मांडून पाहा, १५९६ हे वर्ष मिळते. शके १५९६! साडेतीन शतकांपूर्वीचे हे कोडे आजही सुटते, याचे कारण लिहिणाऱ्याने ‘शाके’ हा शब्द आवर्जून घातला आहे.

आता गड उतरून महाडजवळच्या गांधारपाले येथील लेण्यांत या. तेथील एका शिलालेखात कुमार काणभोअ व्हेणुपालित याने लेणे दान दिल्याचे सांगितले आहे. खोल्या किती, बाके किती, याचीही नोंद आहे. पण वर्ष नाही. त्यामुळे अक्षरांच्या वळणावरून विद्वानांना काळाचा अंदाज बांधावा लागतो. राजपुत्राचे नाव उरले, दान उरले. काळ तेवढा निसटला.

हा केवळ पंडितांचा प्रश्न आहे, असे मात्र समजू नका. पोलादपूरवरून वाहत येणारी सावित्री महाडात शिरते, तेव्हा काय होते ते येथील माणसे जाणतात. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. एका जुन्या घराच्या भिंतीवर मी पुराच्या दोन रेघा पाहिल्या. एकीखाली केवळ ‘२२ जुलै’ एवढेच लिहिले आहे. दुसरीखाली काहीच नाही. आज शेजारीपाजारी सांगू शकतात, म्हणून पहिलीचे वर्ष कळते. पन्नास वर्षांनी तेथे नवे घर बांधू पाहणाऱ्याला ते कोण सांगणार? पाणी किती वर्षांनी कोठवर चढते, हे त्याला कळले तर जोते किती उंच घ्यावे हे कळेल. साधा चार अंकांचा आकडा एखादे कुटुंब वाचवू शकेल.

परग्रहाची गोष्टही याहून निराळी नाही. मंगळाचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे ४० मिनिटांनी मोठा आहे आणि त्याचे वर्ष आपल्या सुमारे ६८७ दिवसांचे आहे. शास्त्रज्ञांनी मंगळाची वर्षे मोजण्यास आरंभ केला तो ११ एप्रिल १९५५ या दिवसापासून. त्या दिवशी मंगळाच्या उत्तर गोलार्धात वसंत ऋतू सुरू झाला होता. तेथे अद्याप एकही मनुष्य राहावयास गेलेला नाही; पण वर्ष पहिले कोणते, हे मात्र ठरून गेले आहे.

तेव्हा त्या मुलीला मी सांगितले, “बाळ, ग्रह कोणताही असो, तारीख लिहिणाऱ्याने तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत: कोठून मोजले, कशाने मोजले आणि किती मोजले. यांतील एक जरी राहिली, तरी वाचणारा वाट चुकेल.”

तारीख म्हणजे काळाचा पत्ता होय. आपण तो लिहितो, ते आपल्याला आज कोणता दिवस हे ठाऊक नसते म्हणून नव्हे; जो अजून जन्मासही आलेला नाही, त्याला आपल्यापर्यंत पोहोचता यावे म्हणून. म्हणून मुलांनो, वहीच्या कोपऱ्यात तारीख घालाल, तेव्हा वर्ष पुरते लिहावयास विसरू नका.