खुडूक नव्हे

आमच्या घरात ‘खुडूक’ हा शब्द कोंबड्यांपेक्षा माणसांनाच जास्त लागायचा. सुट्टीत लोळत पडलेला मी खुडूक, बायको माहेरी गेली की दार लावून बसणारा काका खुडूक. खरी खुडूक कोंबडी मात्र आजी लांबूनच ओळखायची. खोक्यातून उठायचं नाही, अंग फुगवायचं, हात नेला की चोच मारायची. खाली अंडं असो नसो, उबवायला बसायचं. अशीला आजी बादलीत बुचकळून काढायची. तरी नाही ऐकलं तर तिचंच एक पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार ओवायची. आज आठवलं तरी माझं नाक हुळहुळतं.

मुंबईत घोडपदेवच्या चाळीत आम्ही तळमजल्यावर. मागचं दार हाउसगल्लीत उघडायचं आणि त्या दाराशी फळ्यांचं खुराडं. पाच गावठी कोंबड्या, एक कोंबडा. खाणं म्हणजे रेशनच्या तांदळातल्या कण्या, भायखळ्याच्या भाजीबाजारात पडलेला फ्लॉवरचा पाला आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या. तिसऱ्या आम्ही खायच्या, शिंपल्या वाळवून पाट्यावर चुरायच्या आणि कोंबड्यांपुढे टाकायच्या. आजी म्हणायची, “कवच काय आभाळातून येतंय?” आभाळातून नाहीच येत. एका अंड्याच्या कवचाला दोनेक ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाण्यातून कमी पडलं तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. हे मी फार पुढे वाचलं. आजी गावाहून येतानाच शिकून आली होती.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील घरी बसले. पहिले काही दिवस घरात चक्क सणासारखं वाटलं. मग डबे रिकामे होऊ लागले. कण्या कोंबड्यांपर्यंत पोचेनात, त्या आमच्याच पेजेत जाऊ लागल्या. चाळीतली एकदोन कोंबडी रात्रीत नाहीशी झाली. कोणी नेली ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कोणीच नाही. म्हणून आम्ही आमच्या कोंबड्या दुपारी चारलाच कोंडायला लागलो आणि सकाळी ऊन वर आल्यावर सोडायला. फटींतून हात जाऊ नये म्हणून खुराड्यावर गोणपाट टाकलं. फेब्रुवारी लागेपर्यंत अंडी बंद. एकीचीही नाही.

शेजारचे म्हणाले, “डॉक्टरांच्या युनियनमध्ये गेल्या तुमच्या कोंबड्या!” संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत. आजी हसली नाही. दारावर विकलेल्या अंड्यांतून तिची चहापावडर यायची. “खुडूक नाय,” ती म्हणाली, “खुडूक असती तर बसली असती. ह्या नुसत्या उभ्या ऱ्हातात.” एकेक करून चार कोंबड्या आणि कोंबडा गेले, काही विकले, काही शिजले. उरली तांबडी. दीड वर्षाची, म्हणजे भर उमेदीतली.

मी तिला कापडी पिशवीत घालून परळच्या जनावरांच्या इस्पितळात चालत घेऊन गेलो. तिथे 1886 पासून पशुवैद्यकाचं कॉलेज आहे, एवढं मास्तरांनी सांगितलं होतं. एका तरुण डॉक्टरने तांबडीला काखेत दाबलं, शेपटीखाली बोटं लावली आणि मला म्हणाला, हात आण. कातडीखाली दोन काटक्यांसारखी हाडं लागली. अंडी घालणाऱ्या कोंबडीत त्या दोहोंमध्ये दोन-तीन बोटं आरामात बसतात. तांबडीच्यात माझं एकच बसलं, तेही अडखळत. तुरा फिका आणि आखडलेला. पाय मात्र छान पिवळे. मला ते तब्येतीचं लक्षण वाटलं. उलटं आहे, तो म्हणाला. अंडी घालताना पायांतला पिवळा रंग उतरत जातो, थांबली की परत चढतो. मग त्याने विचारलं: पिसं गाळतेय का? नाही. खाते काय? मी गप्प. झोपते कुठे? मी गोणपाटाचं सांगितलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कोंबडी झाकली तर अंडं राहतं. जानेवारीत मुंबईचा दिवसच जेमतेम अकरा तासांचा, त्यातले आम्ही निम्मे काढून घेतले होते. अंडी नेमाने यायला चौदाएक तास उजेड लागतो. तो नुसत्या डोळ्यांनी नाही, कवटीतून झिरपून थेट मेंदूला कळतो. आंधळ्या पक्ष्यालाही कळतो.

तांबडीला उजेड हवा, असं घरी येऊन सांगितलं तर आजी भडकली. “मग तिला काय दिवाबत्ती करू? घरात एक चाळीसचा बल्ब, तो तुझ्या अभ्यासाला.”

माझी दहावी होती. वडील दहाला दिवा मालवायला सांगत. मग बरंच घासाघीस होऊन साडेदहा ठरलं, आणि तांबडी त्या बल्बखाली, माझ्या पायाशी, डालग्यात आली. डालग्याच्या विणीतून उजेड तिच्या पाठीवर ठिपक्या-ठिपक्यांनी पडायचा. ती झोपायची, मी भूमिती घोकायचो. पेजेतल्या कण्यांचा एक घास आजी गुपचूप डालग्याखाली सरकवायची. वडिलांना ते दिसत होतं.

पुढे नोकरीत असताना एका मित्राचं लेयर शेड पाहिलं. पहाटे चारला दिवे आपोआप लागले आणि हजारो कोंबड्या एकदम जाग्या झाल्या. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी. आमच्या गावठीने साठ-सत्तर दिली तरी आजी नजर काढायची. शेडातल्या मात्र दीडेक वर्षाने सगळ्या विकून नवा लॉट. हिशेब म्हणून ते बरोबरच असेल, पण मी त्या शेडात फार वेळ थांबलो नाही. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरच्या बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या आणि चाळीतली उरलीसुरली खुराडी मोडली. आता तिथे टॉवर आहे, हाउसगल्लीही नाही.

तांबडीचं अंडं आलं ते माझ्या परीक्षेच्या आठवड्यात, भूमितीच्या दिवशी सकाळी. लहानसं, जरा लांबट, एका टोकाला रक्ताची रेघ. आजीने ते पदराने पुसलं, विकायला म्हणून डब्यात ठेवलं, परत काढलं आणि पेजेच्या पातेल्यातच उकडायला टाकलं. अर्धं मला, अर्धं वडिलांना. वडिलांनी त्यातलं पिवळं माझ्या ताटलीत लोटलं. टरफल आजीने गोळा केलं आणि पाटा-वरवंटा पुढे ओढला.