जूनमधलं स्तोत्र

पाचगणीचा पाऊस कागदाचा वैरी. जून लागला की कृष्णेच्या खोऱ्यातून वर चढणारं धुकं बंद दारांच्या फटींतून घरात येतं, भिंतींना ओल सुटते, घडीचे कपडे कुबट होतात आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. आमच्या घरी पुस्तकं म्हणजे दोनच, ‘उपासना संगीत’ आणि बाबांचं पवित्र शास्त्र. बाबा एका निवासी शाळेच्या कोठीवर कामाला होते. गहू, डाळी, साखर पावसाळाभर कोरडी राखणं हे त्यांचं काम, आणि शास्त्राचीही ते तीच काळजी घेत. फडक्यात गुंडाळलेलं ते जाड पुस्तक पावसाळ्यात तांदळाच्या पिंपात असे. रात्रीची जेवणं झाली की आई पिंपाचं झाकण उघडून ते वर काढी आणि बाबांच्या हातात देई. पुढं उन्हाळ्यातसुद्धा त्या पानांना तांदळाचा वास यायचा.

बाबांची वाचायची रीत जुन्या मिशनातली. रोज 3 अध्याय, रविवारी 5. या हिशेबानं 66 पुस्तकांचे 1,189 अध्याय वर्षात पुरे होतात. 1 जानेवारीला उत्पत्ती उघडायचं, नाताळात प्रकटीकरण चालू असायचं. आवडेल तेवढंच वाचायचं हे त्यांना मान्य नव्हतं. लेवीयमधले यज्ञांचे नियम, निवासमंडपाची हातांनी दिलेली मापं, गणनामधल्या वंशावंशांच्या शिरगणत्या, सगळं ते सारख्याच सुरात वाचत. आम्ही भावंडं पेंगायचो. आई स्वेटर विणत ऐकायची. ‘आमेन’ म्हणून झालं की पुस्तक परत फडक्यात.

या डोंगरांना मराठी शास्त्राचा शेजार जुना आहे. वरच्या महाबळेश्वरात ॲलन ग्रेव्ज नावाचे अमेरिकन मिशनरी प्रकृती ढासळल्यावर राहिले, भाषांतराच्या कामाला लागून राहिले आणि 1843 साली तिथंच वारले. संपूर्ण मराठी बायबल त्यानंतर चार वर्षांनी निघालं. खाली वाईला अमेरिकन मराठी मिशनचा दवाखाना होता. आमचे आजोबा त्या मिशनातले. बाबा नोकरीसाठी पसरणीचा घाट चढून वर आले आणि सिल्व्हर ओकच्या या गावात कायमचे राहिले.

शास्त्रानं माणूस बदलतो याची जी गोष्ट मराठी ख्रिस्ती घरांत मुलांना सांगतात, ती नारायण वामन टिळकांची. 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले ते थांबलेच, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाबा ही गोष्ट सांगत, पण आगगाडीपाशी सोडून देत नसत. पुढं लक्ष्मीबाईंची काही वर्षांची ताटातूट, नगरची वर्षं, 1917 साली मिशन सोडून साताऱ्यात मांडलेला ‘देवाचा दरबार’, 1919 मधलं मरण, इथपर्यंत नेत. ‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून अपुरं राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं, हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा. पुस्तक हाती पडायला एक दिवस पुरतो, ते निभवायला जन्म जातो, असं त्यांना म्हणायचं असावं. तसं ते शब्दांत कधी बोलले नाहीत.

माझा धाकटा भाऊ जूनमध्ये गेला. दुसरीत होता. ताप आला, डोक्यात गेला, आणि वाईहून वर आणलेली त्याची छोटी पेटी आम्ही धुक्यात उतरवली. खड्डा खणणाऱ्यांना पाणी उपसावं लागत होतं. याहून जास्त मी कधी लिहू शकलेले नाही.

मंडळीतली माणसं भेटायला आली. सलाम करून, ओल्या छत्र्या पडवीत ठेवून, एकेक जण आत येऊन बसे आणि ईयोबाच्या तोंडचं ते प्रसिद्ध वचन सांगे, देणारा आणि नेणारा एकच असल्याचं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. बाबा मान हलवत. चौथ्या-पाचव्या जणानं तेच सांगितल्यावर ते म्हणाले, “भाऊ, हे पहिल्या अध्यायात आहे. पुढचेही वाचा.”

ते गृहस्थ गप्प झाले. बाबांनी मेच्या अखेरीलाच ईयोब वाचून संपवला होता, त्यांच्या क्रमात तो तेव्हाच येतो. ते पुस्तक 42 अध्यायांचं आहे. पहिल्या दोन अध्यायांतला ईयोब सोसतो, आणि शोकाच्या घरी लोक त्यालाच घेऊन येतात. तिसऱ्या अध्यायात तो तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात, आणि एवढंच त्यांचं वागणं शहाणपणाचं. नंतर ते देवाची बाजू मांडू लागतात. तुझंच काही चुकलं असेल, देव अन्याय करत नाही, पश्चात्ताप कर. ईयोब ऐकत नाही. देवालाच समोर यायला सांगतो. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो. माझ्याविषयी नीट बोलला तो माझा सेवक ईयोब, तुम्ही नाही, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ आहे. देवाची वकिली करणाऱ्यांना देवानंच खोटं पाडावं, हे आमच्या शास्त्रात छापलेलं आहे. हे शास्त्र पवित्र आहे असं मी म्हणते, त्याचं एक मोठं कारण माझ्यापुरतं हेच आहे.

दफनाच्या रात्री जेवण कुणाला गेलं नाही. आईनं तरीही पिंप उघडलं आणि पुस्तक बाबांसमोर ठेवलं. फीत स्तोत्रसंहितेत होती. त्या दिवसाच्या वाट्याला 88वं स्तोत्र होतं.

जानेवारीपासून रोज 3 आणि रविवारी 5 असं मोजत गेलं, की 88वं स्तोत्र जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतं. दरवर्षी येतं. बाबांनी ते कितीदा वाचलं असेल, आणि आम्ही पेंगत ऐकलं असेल. दीडशे स्तोत्रांत गाऱ्हाण्याची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेक शेवटी वळतात. रडून झाल्यावर एक-दोन ओळी भरवशाच्या येतात, स्तुती येते. 88वं वळत नाही. म्हणणारा रात्रंदिवस हाक मारतो, देव तोंड लपवतो, जिवलग दूर जातात आणि अंधाराचं नाव घेऊन स्तोत्र संपतं. पुढं काही नाही. ज्यांनी ही स्तोत्रं जमवली, देवळात गायला दिली, त्यांनी याला ठिगळ लावलं नाही.

बाबांनी ते वाचलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, यज्ञाचे नियम वाचताना असायचा तसा. मग पुढची दोन स्तोत्रं वाचायची सोडून त्यांनी पुस्तक मिटलं. ‘आमेन’ म्हटलं नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच काढलं. तिसऱ्या रात्रीही. तो सगळा पावसाळा आमच्या घरी 88वं स्तोत्र वाचलं गेलं, दुसरं काही नाही. आई एकदा म्हणाली, पोरींना काही बरं ऐकवा. बाबा म्हणाले, “हे बरंच आहे.”

पुष्कळ वर्षांनी मी त्यांना त्याविषयी विचारलं, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी मोठी झाल्यावर वाचलेल्या सगळ्या धर्मपर पुस्तकांपेक्षा मला जवळचं वाटतं. ते म्हणाले, “मला प्रार्थना येत नव्हती. वाचता येत होतं.”

विश्वास ही आपल्या आतली गोष्ट आहे, मनातून उमलते, असं आपण धरून चालतो. पण त्या जूनमध्ये बाबांच्या आत काहीच उरलं नव्हतं. देवाला ‘बापा’ म्हणायला जीभ उचलत नव्हती. अशा वेळी बाहेरून, शाईनं छापलेलं, दुसऱ्या कुणा दुखावलेल्या माणसानं अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी म्हटलेलं गाऱ्हाणं त्यांच्या पुढ्यात आलं, आणि तेही त्यांनी न शोधता, नेमानं. त्यांच्या आवडीवर वाचन असतं तर ते पान त्यांनी कधीच उघडलं नसतं. खुद्द येशूनंही क्रुसावर हेच केलं. मार्कच्या शुभवर्तमानात तो जे ओरडतो ते 22व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे, आणि लूकमध्ये प्राण सोडताना जे म्हणतो ते 31व्यातलं. लहानपणी ज्या स्तोत्रांवर तो वाढला, तीच मरताना त्याच्या ओठी आली. ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात शास्त्र कशासाठी, असं मला कुणी विचारलं तर मी यापलीकडं जात नाही.

शाळेच्या स्वयंपाकघरात एक वारकरी आचारी होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दरसाल रजा टाकून ते माउलींची पालखी गाठायला लोणंदला उतरत. त्या वर्षी वारीहून आल्यावर ते थेट आमच्याकडे आले. प्रसादाची पुडी आईच्या हातात ठेवली आणि बाबांजवळ बसले. बाबांनी नेहमीचं वाचन केलं. अण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, “हा तर आमच्या तुकोबांचा भाऊ दिसतोय.” तुकोबांची बायको दुष्काळात गेली, मुलगा गेला, आणि ते विठोबाशी भांडत राहिले हे अण्णा आम्हाला सांगत होते. बाबा पहिल्यांदाच रडले ते तेव्हा. मंडळीतल्या कुणासमोर रडले नव्हते.

पंडिता रमाबाईंचं मला याच अंगानं आठवतं. आई-वडील आणि बहीण उपासमारीच्या भटकंतीत गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा, आणि 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि सारं बायबल साध्या माणसांच्या मराठीत आणायच्या कामाला लागली. केडगावच्या छापखान्यात मुक्ती मिशनमधल्या बायकाच खिळे जुळवत होत्या. मनोरमा गेल्यावरही काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई वारल्या आणि ते भाषांतर 1924 साली बाहेर आलं. मुलगी गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत या बाईंनी त्या मजकुरावर मान वाकवली तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा मी फार विचार करते. त्यांच्या चरित्रात मला ही जागा सर्वांत मोठी वाटते, परिषदा आणि परदेशच्या व्याख्यानांपेक्षा.

पावसाळा सरला, धुकं निवळलं आणि बाबांनी फीत जिथं होती तिथून पुढं वाचायला सुरुवात केली. कारण सांगितलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये पहिला इतिहास आला. त्याचे पहिले नऊ अध्याय म्हणजे निव्वळ नावं. अमक्याचा मुलगा तमका, त्याचे मुलगे हे आणि हे. व्यासपीठावरून ते कुणी वाचत नाही, घरीही लोक ओलांडून जातात. बाबांनी त्या वर्षी ते फार सावकाश वाचले. एकेका नावापाशी थांबत. मध्येच मान वर करून आईला म्हणाले, “बघ, लिहून ठेवलीत. एकेक.” आईनं विणकाम खाली ठेवलं होतं. तेव्हापासून मीही ते अध्याय गाळत नाही.

बाबा नोव्हेंबरमध्ये गेले, पुष्कळ वयाचे होऊन. शेवटची काही वर्षं मोतीबिंदू काढूनही त्यांना बारीक छपाई दिसत नसे, म्हणून मी सुट्टीला आले की मी वाचायची, एरवी आई. प्रेषितांच्या कृत्यांतला 27वा अध्याय चालू होता, पौलाचं जहाज वादळात सापडतं तो. जहाज फुटून माणसं किनाऱ्याला लागली, तिथपर्यंत आई वाचू शकली.

दफनाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी 23वं स्तोत्र वाचलं आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय वाचला. दोन्ही बाबांना प्रिय होते आणि दोन्ही ऐकून मला धीर आला. पुनरुत्थानाची आशा माझी आहे, ती मी सोडलेली नाही. पाळकसाहेबांना आधी विचारून मी कबरीपाशी 88वंही वाचलं. बाबांनी तसं सांगून ठेवलं होतं. ते संपल्यावर कुणाला काय म्हणावं सुचेना. मग मागून एक बाई पुढं आल्या. त्यांचा मुलगा आदल्या वर्षी गेला होता. हे कुठं आहे, कितवं, असं त्यांनी विचारलं, आणि आकडा तळहातावर लिहून घेतला.

आमच्या मंडळ्यांमधल्या पाळकांना आणि पंचांना माझी एवढीच विनंती आहे. शोकाच्या घरी जाताना ईयोबाचा पहिला अध्याय एकटाच घेऊन जाऊ नका. विलापाचं एक तरी स्तोत्र दफनाच्या उपासनेत वाचू द्या, आणि ते वाचून झाल्यावर लगेच समजावू नका. थोडा वेळ त्या माणसाजवळ नुसते बसा.