कळ दाबली कीं नाहीं?

१९८४ सालीं सुरू झालेल्या 'क्लास' योजनेंत भारत सरकारनें निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. इंग्लंडांतील एकॉर्न कंपनीनें ते १९८१ सालीं काढिले होते. बुलढाणा जिल्ह्यांतील या आमच्या शाळेंत त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम आम्हीं यंदा नववीच्या मुलांपुढें चालविला.

एका मुलानें त्यावर बेसिक भाषेंत मोटारीचा खेळ रचिला. पण कळ सोडली तरी मोटार वळतच राही व भिंतीवर आदळे. 'याचा हातच जड,' असें सोबती म्हणूं लागले. मुलगा रडकुंडीस आला.

दोष हाताचा नव्हता. ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्राची कारभारीण. कळ दाबून धरिली कीं ती तेंच अक्षर पुनःपुन्हां रांगेंत लाविते. मुलाची 'इन्‌की(०)' ही आज्ञा त्या रांगेंतून एकेक अक्षर उचली; खेळ संथ, रांग लांब, म्हणून मोटारीस सारें वर्तमान शिळें मिळे.

'इन्‌की(-९८)' मात्र कारभारणीस निराळेंच विचारते: झेडची कळ या क्षणीं दाबलेली आहे काय? असल्यास उत्तर उणे १, नसल्यास शून्य. एक्सच्या कळेस उणे ६७. दोन्ही कळा एकदम दाबल्या तरी दोहोंचा पत्ता लागतो. कळफलकाच्या यंत्रणेस थेट हात घालणारेही असत; पण दुसरा प्रोसेसर जोडतांच त्यांचे प्रोग्रॅम फसत. आम्हांस तो आडमार्ग मुळींच पसंत नाहीं.

मुलानें दोन ओळी बदलल्या. मोटार नीट वळूं लागली, तेव्हां तेच सोबती ब्रेकची कळ कोणती म्हणून त्याला विचारूं लागले.