घागर तिथेच राहिली

तो घर सोडून गेला त्याला चार महिने झाले होते, तरी माझा हात डब्यातून पीठ दोघांचंच काढत होता. सहा पोळ्यांची कणीक. तीन मी खायची आणि तीन दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीला टाकायची. मोजून काढायचं ठरवलं तरी परातीत कणकेचा गोळा तेवढाच पडायचा. नऊ वर्षांची सवय होती.

भांडण असं झालंच नाही. शनिवारी संध्याकाळी मी गवार मोडत बसले होते. तो समोर येऊन बसला आणि म्हणाला, मला आता इथे राहायचं नाही. दुसरं कुणी आहे का, असं मी विचारलं. तो हो म्हणाला. मी उरलेली गवार मोडून संपवली, धुतली आणि फोडणीला टाकली. त्या रात्री ती भाजी कुणी खाल्ली की नाही, ते मात्र आठवत नाही.

आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातल्या खेड्यात पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. रविवारची उपासना, पहिल्या रविवारी प्रभुभोजन, नाताळात करंज्या आणि घरोघरी फिरणारी गाणी, शब्बाथ शाळेत पाठ केलेलं सोनेरी वचन. वचनं मला शेकड्यांनी पाठ होती. कोणतं मत्तयाचं आणि कोणतं लूकचं, हेही मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण चार शुभवर्तमानांपैकी एकही मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचलेलं नव्हतं. हे मला कधी खटकलंही नाही. दर रविवारी दहा-पंधरा वचनांचा तुकडा कानावर पडत होता, आणि तुकड्यांनाच मी अख्खं पुस्तक समजत होते.

तो गेल्यावर माझं उपासनेला जाणं थांबलं. लोक वाईट नव्हते. कुणी म्हणायचं, यात देवाची काही योजना असेल. कुणी म्हणायचं, बाई, जरा सोसायला हवं होतं. एका प्रार्थनासभेत माझं नाव न घेता माझ्यासाठी अशी प्रार्थना झाली, की खोलीतल्या प्रत्येकाला ती कुणासाठी आहे ते कळलं. मी डोळे मिटलेलेच ठेवले. त्यानंतर गेले नाही. जेवणाआधी डोळे मिटणंही आपोआप बंद पडलं. ज्याच्याशी बोलायचं तोच गप्प आहे असं वाटल्यावर किती दिवस बोलायचं?

पावसाळ्याच्या तोंडी कपाट आवरताना आजीचा नवा करार हाती आला. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. कडा पिवळ्या पडलेल्या आणि काही पानांवर तेलाचे डाग, कारण आजी तो स्वयंपाकघरातच वाचायची. मी उघडला तो तिचं अक्षर पाहायला. समासात ठिकठिकाणी पेन्सिलीने बारीक तारखा होत्या, दुसरं काही नाही. पान लागलं मार्कचं. उभ्या उभ्या वाचायला लागले, मग जमिनीवर बसले, आणि उठले तेव्हा सोळाही अध्याय संपले होते.

मार्कचं शुभवर्तमान चौघांत सगळ्यात लहान, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सगळ्यात आधी लिहिलेलं, इसवी सन ७०च्या आसपासचं. त्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, मागी लोक नाहीत. यार्देन नदीवर बाप्तिस्मा घ्यायला आलेला एक प्रौढ माणूस एकदम समोर उभा राहतो. मग सगळं घाईघाईने घडत जातं. हा माणूस दमतो. वादळात नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपतो. रागावतो, खोल उसासा टाकतो. घरच्यांना वाटतं, याला वेड लागलंय, आणि ते त्याला धरून न्यायला निघतात. हे सगळं मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं होतं. सलग वाचताना पहिल्यांदा जाणवलं, की याला एकेक करून सगळेच सोडून जात आहेत. गेथशेमाने बागेत त्याने तिघांना सोबत जागायला सांगितलं, तर ते तीनदा झोपले. पकडायला लोक आले तेव्हा सगळे पळाले. एक तरुण तर अंगावरचं तागाचं वस्त्र पकडणाऱ्यांच्या हाती टाकून उघडाच पळाला. ही बारीकशी गोष्ट एकट्या मार्कने लिहून ठेवली आहे. आणि शेवटी वधस्तंभावरून येशू बाविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीचा प्रश्न मोठ्याने ओरडून विचारतो, आपल्या मायबोलीत, अरामी भाषेत: देवाने मला का टाकलं?

मराठीत माझ्यासारखीला टाकलेली म्हणतात. सरकारी कागदावर परित्यक्ता, बोलताना टाकलेली. तो शब्द माझ्या पाठीमागे उच्चारला गेल्याचं मला ठाऊक होतं. मी जमिनीवर बसून तोच अर्थ येशूच्या तोंडी वाचत होते. त्याला उत्तर मिळालेलं नाही. वरून आवाज आला नाही. कुणी त्याला म्हणालं नाही, की यात देवाची योजना आहे. मार्कने तो प्रश्न तसाच उघडा ठेवला आहे, आणि त्या रात्री मला दुसऱ्या कशाहीपेक्षा त्या उघड्या प्रश्नाचा आधार वाटला. मी रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी सावकाश. आठव्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्यापाशी आजीची एक तारीख होती, सप्टेंबर १९७२. ते दुष्काळाचं साल. आमच्या भागात विहिरी कोरड्या पडल्या होत्या आणि माणसं खडी फोडायला जात होती, एवढं ऐकून माहीत आहे. त्या दिवशी आजीचं काय झालं असेल, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. पण त्या तारखेमुळे मी तिथे थांबले, नाहीतर पुढे गेले असते.

गोष्ट पाच वचनांची आहे. लोक एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतंय का? दुसऱ्या कुठल्याही रोग्याला त्याने असं विचारलेलं नाही. माणूस वर पाहतो आणि सांगतो, माणसं दिसताहेत, पण झाडं चालल्यासारखी. तेव्हा येशू त्याच्या डोळ्यांवर पुन्हा हात ठेवतो आणि मग त्याला स्वच्छ दिसू लागतं. चारही शुभवर्तमानांत दोन टप्प्यांत बरं होण्याची ही एकच गोष्ट. ती मत्तयात नाही, लूकमध्ये नाही, योहानातही नाही.

मला त्या आंधळ्याचं फार कौतुक वाटतं. साक्षात येशू समोर उभा आहे, सोबत शिष्य आहेत, आणि हा म्हणू शकला असता, दिसतंय, सगळं दिसतंय, देवाची स्तुती असो. तसं तो म्हणाला नाही. जेवढं दिसतं तेवढंच त्याने सांगितलं. त्या अर्धवट उत्तरावर येशू रागावला नाही, तुझा विश्वास कमी पडला असंही म्हणाला नाही. त्याने फक्त पुन्हा हात ठेवला. मी मात्र चार महिने भेटेल त्याला सांगत होते, बरी आहे, आता बरी आहे. आईला, शाळेतल्या बाईंना, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. त्या दिवशी दुपारी आजीच्या पुस्तकावर हात ठेवून मी म्हणाले, मला अजून माणसं झाडांसारखीच दिसतात. खूप महिन्यांनी केलेली ती माझी पहिली प्रार्थना.

याच सुमारास वकिलांकडे फेऱ्या सुरू होत्या. ख्रिस्ती लोकांसाठीचा घटस्फोटाचा कायदा १८६९चा. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार दाखवला की त्याला पुरेसं होतं. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. २००१ साली कायदा बदलला, तेव्हा हा भेद गेला आणि परस्परसंमतीची वाट उघडली. वकिलांनी हे सहज सांगितलं. मी घरी येऊन हिशेब केला: माझ्या आईच्या, आजीच्या आणि पणजीच्या वाट्याला जुनाच कायदा होता. त्यांच्या काळातल्या किती बायका मुकाट्याने जगल्या असतील, याची कुठल्याच मंडळीच्या वहीत नोंद नाही.

हे डोक्यात घेऊन मी योहानाच्या चौथ्या अध्यायापाशी आले. शोमरोनातलं सूखार गाव, याकोबाची विहीर, भर दुपार, प्रवासाने थकून काठावर बसलेला येशू आणि पाण्याला आलेली एक बाई. या बाईवर मी लहानपणापासून किमान वीस उपदेश ऐकले असतील. प्रत्येकात ती वाईट चालीची होती. पाच नवरे केले, सहाव्याबरोबर राहते, लोकांना तोंड दाखवायची लाज म्हणून उन्हात पाण्याला येते. पण तिचे पाच नवरे गेले कसे, हे योहान सांगतच नाही. काही वारले असतील. काहींनी हाती सूटपत्र देऊन तिला बाहेर काढलं असेल, कारण मोशेच्या नियमशास्त्रात सूटपत्र नवराच लिहून देतो. पाच वेळा विधवा झालेली किंवा पाच वेळा टाकलेली बाई शेवटी कुणाच्या तरी आसऱ्याला राहिली असेल, तर तिची चाल वाईट ठरवायची घाई कुणाला? येशूला ती घाई नव्हती. त्याने तिच्याकडे पाणी मागितलं. तू खरं बोललीस, असं तो तिला म्हणाला. मग उपासना कुठल्या डोंगरावर करावी या तिच्या प्रश्नावर तिच्याशी बोलत बसला, जसा तो शास्त्र जाणणाऱ्या पुरुषांशी बोलायचा. शिष्य परत आले आणि हा एका बाईशी बोलतोय हे पाहून चकित झाले.

पंडिता रमाबाई या गोष्टीने हेलावल्या होत्या. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती गेले, लहान मुलगी घेऊन त्या पुढे इंग्लंडला गेल्या. तिथे फुलममध्ये समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना जवळ करणारं धर्मभगिनींचं घर त्यांनी पाहिलं. या बायकांची काळजी तुम्ही का घेता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानातली ही शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. २९ सप्टेंबर १८८३ला वाँटेजमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतरच्या आयुष्यात दौंडजवळच्या केडगावी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. त्या १९२२मध्ये गेल्या, आणि १९२४मध्ये ते बायबल त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. ती शोमरोनी बाई रमाबाईंना जशी दिसली, तशी मला वीस उपदेश ऐकूनही दिसली नव्हती.

योहान एक छोटी गोष्ट टिपतो. ती बाई घागर तिथेच टाकून गावात गेली. पाण्यासाठी आलेली बाई पाणी न घेता गेली. मी त्या वाक्यावर बराच वेळ थांबले, आणि उठून कणीक मळायला घेतली तेव्हा पीठ एका माणसाचं निघालं.

पुढे काय झालं, ते थोडक्यात सांगते. तो परत आला नाही. घटस्फोट झाला. त्याला मी क्षमा केली असं लिहिता येत नाही, कारण तसं काही सकाळी होतं आणि संध्याकाळी निसटतं. येशूवर मात्र माझा विश्वास आहे, आणि तो आता चार पिढ्यांचा नसून माझा आहे. योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासे भाजत बसलेला भेटतो, बाजूला भाकर असते. शिष्य पेत्राने त्याला नाकारलं होतं तेही अशाच विस्तवाशी शेकत. येशू आधी त्याला जेवायला बोलावतो आणि जेवण झाल्यावर विचारतो, माझ्यावर प्रेम आहे ना? तेही तीनदा. मी पुन्हा जेवणाआधी डोळे मिटते.

रविवारी उपासनेलाही जाते. मागच्या बाकावर बसते. परवा मागच्या बाकावर आणखी एक मुलगी येऊन बसली, तिशीची, एकटी, उपदेशभर मान खाली. मी तिला काही विचारलं नाही. प्रभुभोजनाला दोघी बरोबर गेलो.

पाळकसाहेबांना आणि मंडळीपुढे उपदेशाला उभं राहणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. त्या विहिरीवरच्या बाईवर बोलाल तेव्हा आधी योहानाच्या चौथ्या अध्यायातली पहिली बेचाळीस वचनं सगळी वाचून दाखवा. त्यांत पाप हा शब्द एकदाही आलेला नाही.