माळवदाचे ओझे : किल्लारीच्या वाटेवर काही घरे पाहताना

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपली जुनी माणसे म्हणत आली आहेत. दोन्हीत खर्च आहे आणि दोन्हीत दगदग आहे. पण लग्नातली चूक चार दिवस बोलली जाते आणि विसरली जाते. घरातली चूक भिंतीत झाकून राहते.

तुमच्या घरी यंदा उसाचे किंवा सोयाबीनचे चार पैसे हाती आले असतील आणि दिवाळीनंतर जोते घालायचा विचार चालला असेल, तर गवंड्याशी बोलणी करण्याआधी एक दिवस काढा. घरच्या बाईमाणसालाही बरोबर घ्या, कारण घरात दिवसभर वावरायचे तिला असते. लातूरहून औशाची वाट धरा आणि पुढे किल्लारीला जा.

या वाटेवरची जुनी गावे नीट पाहा. काळ्या दगडाच्या भिंती, दोन-अडीच फूट, कुठे तीन फूटही जाड. दगडांच्या सांध्यात माती. भिंतीच्या आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर लाकडाचे किलचन आणि सर्वांत वर मातीचे माळवद. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण, आणि खणांवरून घराची ऐपत मोजायची. भर उन्हातून अशा घरात शिरलात की अंगाला गारवा लागतो. दगड शिवारातला, माती गावातली, हात भाऊबंदांचे. आपल्या पूर्वजांनी ही घरे वेडेपणाने बांधली नव्हती. उन्हाला आणि चोराला अशी जाड भिंत चांगलीच पुरून उरते.

पण हीच घरे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पडली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. माणसे दमून झोपली होती. चार वाजायला काही मिनिटे असताना जमीन हादरली आणि थोड्या सेकंदांत तेरणेच्या खोऱ्यातली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे मातीत मिळाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. तोपर्यंत हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या विभागात धरला जात असे. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला, तेव्हा तो तिसऱ्या विभागात आला.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या जाड भिंती पडल्या कशा? याचे उत्तर पडक्या भिंतीजवळ उभे राहिले की आपोआप मिळते. अशी भिंत म्हणजे खरे तर दोन भिंती असतात. बाहेरच्या अंगाला चांगल्या तोंडाचे दगड, आतल्या अंगाला तसेच दगड, आणि मधल्या पोकळीत चिपा नि माती. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे काही नसते. हादरा बसला की बाहेरची बाजू बाहेर ढासळते, आतली बाजू आत झोपलेल्या माणसांवर येते. भिंत जाड म्हणजे पक्की, हा आपला समज इथेच खोटा ठरतो.

दुसरा घात वरच्या ओझ्याने केला. माळवद गळू लागले की पावसाळ्याच्या तोंडाला त्यावर माती टाकायची, ही आपली रीत. जुनी माती मात्र कोणी काढत नाही. अशा रीतीने थर वाढत जातो. हिशेब करून पाहा. एक घनफूट दाबलेली माती सुमारे ४५ किलो भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर दीड फूट थर असेल, तर १८० घनफूट, म्हणजे आठ टन माती तुमच्या डोक्यावर आहे. त्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर तो साडेतीन टनांच्या आसपास भरतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जिथे माळवद चांगल्या लाकडी खांबांवर पेललेले होते आणि सांधे घट्ट होते, तिथे भिंती ढासळूनही छप्पर जागेवर राहिल्याची उदाहरणे आहेत. गावाबाहेरच्या गरिबांच्या कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपड्याही टिकल्या. ज्यांच्याकडे मोठ्या वाड्यातली माणसे कधी पाहत नसत, त्या झोपड्यांनी आपली माणसे वाचवली. घर वजनाने मोठे असून भागत नाही, ते एकजीव असावे लागते.

पुढे नव्या वसाहतीत जा. पन्नासच्या वर गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवली गेली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि त्यावरच्याला ७५०, असा हिशेब होता. रस्ते रुंद आणि सरळ, घरे ओळीत. डोक्यावर पक्के छप्पर आले, हे मोठे काम झाले. पण लोकांची कुरकूरही होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे. बैल कुठे बांधायचा? ज्वारीची पोती कुठे रचायची? शेजारणीशी दोन शब्द बोलायचा ओटा कुठे? म्हणून घरांना पुढेमागे पत्र्याची पडवी, गोठा, न्हाणी अशी जोड लागत गेली. तुमचा आराखडा काढताना ही गोष्ट आधी धरा. आज दोनच खोल्या बांधा, पण गोठा, धान्य, चूल आणि न्हाणी यांची जागा कागदावर पहिल्याच दिवशी ठरवा.

ज्या गावांत घरे पूर्ण पडली नव्हती, तिथे लाखो कुटुंबांनी सरकारी मदत घेऊन आपली घरे स्वतः दुरुस्त केली वा नव्याने बांधली. गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून घरोघर हिंडल्या, मदतीचे टप्पे आणि बांधकामाच्या खुबी समजावत. सिमेंट किती पडले, पट्टा घातला की नाही, हे गवंड्याला विचारायला बाया शिकल्या. तुमच्या घरीही असेच व्हायला हवे.

आता साहित्याकडे वळू. कोकणात गेलात तर जांभ्याचा चिरा दिसेल. तिथे तोच योग्य, कारण तो तिथल्या जमिनीतून निघतो आणि एकसारखा कापता येतो. तो तेरणेकाठी आणायचा तर वाहतुकीतच पैसा जाईल. आपल्याकडे काळा दगड आहे, तो वापरायला हरकत नाही. मात्र भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नका. दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फूट अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घाला. गवंडी त्याला हेडर म्हणतात. एवढा लांब दगड मिळत नसेल तर लोखंडी सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा ओतून घ्या. कोपऱ्यातले दगड एकमेकांत अडकलेले हवेत, आणि दारे-खिडक्या कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर.

वीट घेणार असाल तर दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज यावा. एक कोरडी वीट तोलून दिवसभर पाण्यात ठेवा. तीन किलोच्या विटेने ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायले तर ती भट्टी सोडा. वीजकेंद्राच्या राखेच्या विटाही आता मिळतात. त्यांनाही हीच परीक्षा लावा. वाळू पारखायची तर काचेच्या बाटलीत वाळू, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा व काही तास ठेवा. वाळूचा थर बारा बोटे असेल तर वरचा गाळ एका बोटापेक्षा जास्त नसावा. सिमेंट ताजे घ्या. तीन महिने पडून राहिलेल्या पोत्याची ताकद बरीच उतरलेली असते.

भिंत दगडाची असो वा विटेची, तिला कमरपट्टा हवा. जोत्यावर एक, दारे-खिडक्यांच्या वर एक आणि छपराखाली एक, असे काँक्रीटचे पट्टे चारी भिंतींवरून सलग फिरवा. तीन इंच जाडी, आत दोन गज आणि ते बांधणाऱ्या कड्या. गज कोपऱ्यात तोडू नका, वळवून पुढे न्या. पिंपाला लोखंडी पट्टी जशी फळ्या धरून ठेवते, तसा हा पट्टा भिंती धरून ठेवतो. एकूण खर्चात त्याचा वाटा थोडा असतो, म्हणूनच तो गाळण्याचा मोह होतो.

जमीन काळी असेल तर पायात कंजुषी नको. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडे पाडते. खाली कठीण मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरला विचारून तळाशी फुगीर असलेले खांब जमिनीत ओता. स्लॅब पडल्यावर दहा दिवस तरी पाणी मारणे हे घरच्यांचे काम आहे, ते मजुरांवर सोपवू नका. स्लॅबचे घर उन्हाळ्यात तापते हे खरे. त्यावर पांढरा चुना मारा, पश्चिमेला पडवी काढा आणि अंगणात लिंब लावा.

आणि ज्यांना नवे घर बांधणे यंदा जमणार नाही, त्यांनीही हात बांधून बसू नये. सुगी झाली की माळवदावर चढा आणि मातीचा थर मोजा. सात-आठ इंचांवरची माती उतरवा, खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि मग उरलेली माती पसरून चोपा. खांब-तुळयांचे सांधे लोखंडी पट्ट्या मारून आवळा. भिंत पोट काढून फुगलेली दिसली तर तिथे गिलावा करून झाकू नका. तेवढा भाग उतरवून आरपार दगड घालून पुन्हा बांधा. हे होईपर्यंत त्या भिंतीच्या कडेला लेकरांची अंथरुणे घालू नका.